बोरखेडी ते सावरगावची काठी

भाऊ, परवा तुमची काठी घेऊन मी एसटीने घरी आलो. फाट्यावर गाडीत चढलो तर कंडक्टरने विचारलं, "काका, हे काय होय? मुसळ होय काय?" मी म्हटलं, "रेल्वेचं आहे." तो म्हणाला, "कोणती रेल्वे?" त्याच्या वयाच्या माणसाने आपली गाडी पाहिली असेल तर आईच्या कडेवरून. त्याला काय बोलणार? फाट्यापासून कारंज्यापर्यंत ती काठी मी मांडीवर आडवी धरून बसलो, तुम्ही धरायचात तशी, दोन्ही हातांनी. शेजारची बाई जरा सरकून बसली.

आता ती माझ्या टेबलावर आहे आणि मी तुम्हाला लिहितो आहे. माणूस समोर असतो तेव्हा बोलायचं नाही आणि तो गेला की पानंच्या पानं लिहायची, ही आम्हा कागदवाल्यांची जुनी खोड. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "बाबू, तुमाले तोंडानं बोलाले काहून येत नाही? जे ते लिहून देता." तेव्हा मी हसलो होतो.

चार दिवसांपूर्वी तुमच्या अंगणात त्रिशरण-पंचशील झालं. मी मागे, कडुनिंबाखाली उभा होतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीने बसली होती. कोणीतरी दोन शब्द बोललं. सुखदेवराव रेल्वेत होते, प्रामाणिक होते, पोराला शिकवून अकोल्याला नोकरीला लावलं, मनमिळाऊ स्वभाव होता. मनमिळाऊ! तुम्ही? ज्या माणसाने दहा टनांचा ट्रक फाटकावर अर्धा तास उभा केला, तो मनमिळाऊ? मला तिथे बोलावंसं वाटलं आणि नेहमीप्रमाणे बोललो नाही. तुम्ही पॉइंटमन होता म्हणजे काय होता, हे त्या अंगणात बसलेल्यांपैकी किती जणांना माहीत असेल? रूळ बदलणारे तुम्ही, दिवे पुसणारे तुम्ही, फाटक लावणारे तुम्ही आणि काठी देणारेही तुम्हीच. स्टेशन म्हणजे एक मी आणि एक तुम्ही. बाकी सगळी बाभळीची झाडं.

मी बोरखेडीला नेमणुकीवर आलो तेव्हा नवाकोरा स्टेशनबाबू होतो. इस्त्रीचा शर्ट आणि ट्रंकेत नियमांची पुस्तकं. तुम्ही ट्रंक उचलली आणि म्हणालात, "लय जड हाय बाप्पा. काय भरलं?" मी ऐटीत सांगितलं, नियम. तेव्हा म्हणालात, "बरं झालं. तुमी कागद सांभाळा, लोखंड मी सांभाळतो." वयाने तुम्ही बारा-तेरा वर्षांनी मोठे आणि हुद्द्याने मी वरचा, म्हणून तुम्ही एक पद्धत पाडलीत. फलाटावर 'बाबू, तुमी' आणि फलाट उतरून तुमच्या अंगणात आलो की 'काहून रे, जेवला का?' मी मात्र दोन्हीकडे 'भाऊ, तुम्ही'च म्हणत राहिलो. फलाटाची कड ओलांडताना तुमची भाषा बदलायची ती मला इतकी आवडायची की कधीकधी मी मुद्दाम त्या कडेवर उभा राहून तुमच्याशी बोलायचो. तुम्हाला ते कळलं होतं का कोण जाणे.

आणि काठी. तुम्हाला मी काठीचं काय सांगणार? पण आता ज्यांना ठाऊक आहे अशी माणसंच उरली नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. आपली लाइन एकेरी, लहान रुळांची. समोरून दुसरी गाडी येऊ नये म्हणून प्रत्येक दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्याला एकच काठी. काठी हातात असेल तरच ड्रायव्हरने त्या तुकड्यात इंजिन घालायचं, नाहीतर नाही. मग वरचा साहेब येवो की मंत्री येवो. बोरखेडीला आपल्याकडे दोन काठ्या. जंक्शनच्या बाजूची एका खाचेची, सावरगावच्या बाजूची दोन खाचांची. तुम्हाला वाचता येत नव्हतं, बोटांना खाचा कळायच्या. गाडी आली की ड्रायव्हर मागच्या तुकड्याची काठी तुमच्या हातात द्यायचा आणि तुम्ही त्याला पुढची द्यायचात. ती जमिनीवर ठेवायची नाही, भिंतीला टेकवायची नाही, तिसऱ्याच्या हाताने पाठवायची नाही. हातातून हातात. आणि देताना तोंडाने बोलायचं. इतर स्टेशनांवर नुसती गावाची नावं घ्यायचे. तुम्ही त्याला स्वतःची एक शेपटी लावली होती. "बोरखेडी ते सावरगाव. रस्ता तुमचा." ड्रायव्हरने म्हणायचं, "रस्ता आमचा." तो म्हणेपर्यंत तुम्ही काठीचं तुमच्याकडचं टोक सोडत नव्हता. नवा ड्रायव्हर असला तर तो ओढायचा, तुम्ही धरून राहायचात, आणि मी ऑफिसच्या खिडकीतून हसत बघायचो.

गोऱ्यांच्या कंपनीने ही लाइन टाकली ती माणसांसाठी नव्हे, कापसासाठी. माणसं नंतर बसायला लागली. मी आलो तेव्हाही गाडीला दोन डबे माणसांचे आणि बाकी मालाचे असायचे. हंगामात जिनिंगच्या कारखान्यातून गाठी यायच्या, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरचे हमाल त्या पाठीवर घेऊन शेडमध्ये रचायचे. सरकीचा तो उग्र गोडसर वास शर्टाला असा चिकटायचा की माझी बायको म्हणायची, तुम्ही घरी आलात हे मला आधी नाकाने कळतं. गाडी चालायची अशी की फाटक आलं की थांबणार, कोणीतरी उतरून फाटक लावणार, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबणार, तो फाटक उघडून धावत येऊन चढणार. लोक हसायचे. तुम्ही नाही हसायचात. "धा गावचा कापूस घेऊन जाऊन राह्यली," म्हणायचात, "गर्भार बाई जराशी हळूच चालते."

माझे वडील गेल्याचा निरोप आला त्या सकाळी मी फॉर्मांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून बसलो होतो. बदली माणूस मिळायला दोन दिवस लागणार होते. तुम्ही मला दंडाला धरून इंजिनात बसवलंत, ड्रायव्हरला म्हणालात, "याच्या बापाची माती हाय, याले पोहोचव." आणि दोन दिवस तुम्ही एकट्याने स्टेशन चालवलंत. परत आलो तर शेडच्या भिंतीवर कोळशाने चित्रं. चौकोन म्हणजे डबा. त्यात बोंडं काढली की कापूस, ठिपके म्हणजे सरकी, शेंगा म्हणजे तूर. कुठल्या डब्यातून काय गेलं, काय आलं, सगळं बरोबर. एका चौकोनाच्या बाजूला एक बकरी काढलेली होती. मी विचारलं, ही कुठल्या मालात? तर म्हणालात, "ते सहज काढली. मोकळा होतो." वडिलांना माती देऊन आलेला मी त्या भिंतीपुढे हसता हसता रडलो. त्या दिवसाचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानतो, पण त्याला काय अर्थ?

आपलं भांडण लागलं ते ट्रकवरून. आधी एक-दोन ट्रक जिनिंगच्या दारात दिसायला लागले, मग रांग. मालकाचं म्हणणं खोटं नव्हतं. तुमची गाडी आज येते की उद्या, तुम्हालाच ठाऊक नसतं, ट्रक हाक मारली की हजर. एका हंगामात गाठी आपल्या शेडमध्ये येऊन पडल्या, डबा मिळेना, दिवस जायला लागले. मग एक दिवस ट्रक सरळ आपल्या आवारात आला आणि त्याच हमालांनी त्याच गाठी आपल्या शेडमधून उचलून ट्रकमध्ये भरल्या. तुम्ही शांतपणे फाटकाकडे चालत गेलात, फाटक लावलंत आणि कुलूप घातलंत.

मी धावत आलो. "भाऊ, फाटक काहून लावलं?"

"गाडी येऊन राह्यली."

"कोणती गाडी? आज गाडीच नाही!"

"येईन."

ट्रकवाला हॉर्न वाजवतो आहे, मागे दोन बैलगाड्या, एक जीप, शाळेतल्या बाई सायकल धरून उभ्या. तुम्ही फाटकाला पाठ लावून रुळांच्या दिशेला बघत उभे, जणू खरंच धूर दिसतो आहे. अर्धा तास! शेवटी मी हुद्दा वापरला. म्हणालो, "सुखदेव, फाटक उघड." आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मी तुम्हाला एकेरीत बोललो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कुलूप काढलंत. ट्रक गेला तेव्हा म्हणालात, "जाऊ द्या बाबू. माल गेला त गेला. तुमी नका जाऊ."

वरून विचारणा झाली म्हणून मला तुम्हाला मेमो द्यावा लागला. दिला. संध्याकाळी तोच मेमो घेऊन तुम्ही माझ्या दारात. "बाबू, याचं उत्तर लिहून द्या." मीच आरोप केला होता आणि मीच बचाव लिहायला बसलो. वहिनींनी पाठवलेल्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात दोघांनी मिळून असं उत्तर तयार केलं की मला माझ्याच मेमोची लाज वाटली. त्यात तुम्ही एक वाक्य घालायला लावलंत. 'गाडी येणार नाही असे मला कोणी सांगितले नव्हते.' मी म्हटलं, भाऊ, हे कमजोर आहे. तुम्ही म्हणालात, "राहू द्या. खरं हाय न?"

ते वाक्य आता मला झोपू देत नाही.

त्यानंतर माल असा ओसरत गेला की कुठल्या दिवशी संपला ते सांगता येत नाही. आधी गाठी गेल्या, मग सरकी, मग तुरीची पोती. मालाचे डबे जंक्शनच्या साइडिंगला उभे राहून गंजले. आपल्या शेडमध्ये गावच्या बकऱ्या बसायला लागल्या. तुम्ही काढलेल्या त्या एका बकरीखाली खऱ्या सात-आठ. गाडीला फक्त माणसांचे डबे राहिले, त्यातही म्हातारी माणसं. तुम्ही मात्र रोज शेड झाडायचात. मी म्हणायचो, कोणासाठी? तुम्ही म्हणायचात, "हंगाम येईन न." दरवर्षी हंगाम येत होता, भाऊ. हंगामाला गाडीची गरज उरली नव्हती. हे मी तुम्हाला पन्नास प्रकारे समजावलं आणि तुम्ही पन्नास प्रकारे ऐकलं नाही.

आता ती संध्याकाळ. हिच्यापर्यंत यायला मी इतकी पानं घेतली, ओळखलं असेलच तुम्ही.

गाडी बंद होण्याच्या चार दिवस आधी मला पत्र आलं होतं. पूल धोक्याचे झालेत, पुढील आदेशापर्यंत वाहतूक बंद. ऑफिसला कुलूप लावून, किल्ली घेऊन शेवटच्या गाडीने जंक्शनला हजर व्हा. चार दिवस ते पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं. चार दिवस तुम्ही माझ्यासमोर दिव्यांच्या काचा पुसत होता, रुळांच्या सांध्यांना तेल घालत होता, आणि मी नव्या बाबूसारखा कागदात तोंड घालून बसलो होतो.

सांगितलं का नाही? लोकांना मी वेगवेगळी कारणं सांगितली. वरून बोंबाबोंब करू नका असा निरोप होता, किंवा बंदी तात्पुरती वाटत होती. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. मला फाटक आठवत होतं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काठी दिली नसती. ड्रायव्हर समोर हात पुढे करून उभा राहिला असता आणि तुम्ही काठी छातीशी धरून फलाटावर बसला असता. काठीशिवाय गाडी हलत नाही. मला पुन्हा तुम्हाला एकेरीत बोलावं लागलं असतं. ते मला नको होतं. एवढंच. भित्रेपणाला मी कितीही नावं दिली तरी तो एवढाच होता.

गाडी सावरगावकडून आली. ड्रायव्हरने सावरगावची काठी, दोन खाचांची, तुमच्या हातात दिली. तुम्ही त्याला जंक्शनच्या बाजूची दिलीत, म्हणालात, "रस्ता तुमचा," आणि तो, त्यालाही सगळं ठाऊक होतं, खाली बघून म्हणाला, "रस्ता आमचा." तेवढ्या वेळात मी ऑफिसला कुलूप लावून पिशवी घेऊन डब्यात चढलो होतो. तुम्ही काठी हातात घेऊन ऑफिसच्या दाराकडे वळलात, कुलूप दिसलं, मग मी दिसलो.

"बाबू, कोठी चालले? काय झालं?"

मी दारात उभा होतो. गाडी हलली होती. ही गाडी म्हणजे चालत येणाऱ्या माणसालाही गाठता येईल अशी. सांगायला भरपूर वेळ होता. पत्र खिशातच होतं.

मी म्हटलं, "काही नाही. उद्या येतो."

तुम्ही हात वर केलात. त्या हातात काठी होती.

गाडी अडवली असतीत तर अडवली असतीत. हे मी आज म्हणू शकतो. अर्धा तास, फार तर एक तास. गाव गोळा झालं असतं, वहिनी आल्या असत्या, तुम्ही शिव्या दिल्या असत्या, रडला असता. शेवटी काठी दिलीच असतीत, तुम्ही नियमाचे माणूस. पण शेवटची गाडी आहे हे जाणून दिली असतीत. तो एक तास मी तुमच्याकडून चोरला. आणि त्या बदल्यात तुमच्या हातात जन्मभराचं ओझं ठेवलं.

कारण काठी ऑफिसच्या पेटीत ठेवायची, आणि ऑफिस बंद. तुम्ही ती घरी नेलीत, सकाळी द्यायला म्हणून. दुसऱ्या सकाळी गाडीच्या वेळेला काठी घेऊन फलाटावर उभे राहिलात. तिसऱ्या सकाळीही. वहिनींनी मला नंतर सांगितलं, तुम्ही एकदाही ती घरात खाली ठेवली नव्हती, आढ्याला दोन दोऱ्या बांधून त्यात आडवी ठेवायचात. दर रविवारी जवसाचं तेल लावायचात.

दोन-अडीच महिन्यांनी मी आलो. तुम्ही रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही पहिलं विचारलंत, "बाबू, चावी आणली का?" चावी मी जंक्शनला जमा करून टाकली होती. त्या ऑफिसचं कुलूप पुढे चोरांनी तोडलं, दार नेलं, खिडकीचे गज नेले, मग घंटा नेली. उघड्या खोलीत तुम्ही काठी कशी ठेवणार? मी म्हणालो, "ठेवा तुमच्याकडेच, आठवण म्हणून." तुम्ही भडकलात. "आठवण? हे सरकारी हाय. माह्याजवळ कायले राहीन?"

मग तुम्ही स्वतः गेलात. काठी धुतलेल्या पांढऱ्या धोतरात गुंडाळून, एसटीने, जंक्शनच्या ऑफिसात. मी त्या दिवशी रजेवर होतो. तिथे कुणीतरी टेबलावरचा माणूस हसला म्हणे. म्हणाला, बाबा, घरी ठेव, नाहीतर कोण्या हॉटेलवाल्याला दे, भिंतीवर लावायला घेतात हल्ली. तुम्ही ती पुन्हा धोतरात गुंडाळलीत आणि आलात तसे परत गेलात. आल्यावर जेवला नाहीत, वहिनी सांगत होत्या. मला तुम्ही हे कधीच सांगितलं नाहीत. तुमच्याकडेही न सांगण्यासारखं एवढं एकच होतं.

आधी तुम्ही हसत म्हणायचात, "गाडी काहून येत नाही? काठी माह्या घरी हाय न बाप्पा. डायवर कशी आणीन?" मीही हसायचो. दर निवडणुकीत कोणीतरी येऊन मोठ्या रुळांची लाइन होणार म्हणून भाषण करायचा, आणि तुम्ही काठी घेऊन पुढच्या रांगेत. लोकांना गंमत वाटायची. मग हसणं कमी होत गेलं. पुढे भान थोडं थोडं सुटायला लागलं तेव्हा तुमचं ते ठामच झालं. गाडी बंद पडली कारण तुम्ही काठी घरी नेली. साहेब लोक शोधत असतील. धा गावचा कापूस तुमच्यामुळे अडला. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "बाबू, माह्याच्यानं गलती झाली. गरिबाच्या पोटावर पाय पडला माह्या."

मी म्हटलं, "भाऊ, तुमची काही चूक नाही. पूल खराब झाले होते. आदेश आला होता."

तुम्ही एकदम शुद्धीवर आल्यासारखे माझ्याकडे पाहिलंत. "आदेश आल्ता? मंग तवा काहून नाही सांगतलं?"

त्या क्षणी मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. मला आठवतं. मी म्हणालो, "मलाच कुठे माहीत होतं?"

तुम्ही मान हलवलीत. विश्वास ठेवलात. आणि मग पुन्हा म्हणालात, "म्हंजे माह्यीच गलती."

भाऊ, तिथे एक वाक्य बोललो असतो तर तुम्ही सुटला असता. माझ्यावर थुंकला असता, तुमच्या अंगणात मला पाय ठेवू दिला नसता, पण सुटला असता. मी माझी इभ्रत वाचवली आणि तुम्हाला त्या गुन्ह्यात तसंच बसवून ठेवलं. अशा माणसाला तुम्ही 'माह्या बाबू' म्हणायचात.

शेवटची भेट दहा-बारा दिवसांपूर्वीची. तुम्ही बाजेवर होता, वाकळीखाली नुसती हाडं. बाहेर अंगणात तुमच्या सुनेने तुरी वाळत घातल्या होत्या. तुम्ही मला ओळखलंत. आढ्याकडे बोट केलंत. वहिनींनी काठी काढून तुमच्या हातात दिली. खाचांवरून बोट फिरवलंत. मग दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरलीत, आणि तो फलाटावरचा आवाज, कुठून काढलात ठाऊक नाही, जसाच्या तसा.

"बोरखेडी ते सावरगाव. रस्ता तुमचा, बाबू."

आणि तुम्ही थांबलात. काठीचं एक टोक तुमच्या मुठीत, दुसरं माझ्यासमोर. 

मी घेतली असती तर तुम्ही मोकळे. पण घेतली तर कबूल केल्यासारखं होतं. मला वाटलं, मी ती हातात धरली की तोंडून सगळं बाहेर पडेल, वहिनींसमोर, सुनेसमोर. म्हणून मी वाकळ सारखी केली आणि म्हणालो, "आराम करा भाऊ. नंतर बोलू." तुम्ही आणखी थोडा वेळ काठी तशीच धरून ठेवलीत. ड्रायव्हर नवा असला की धरायचात तशी. मग हात दुखले असतील. तुम्ही ती छातीवर ठेवलीत आणि भिंतीकडे तोंड केलंत.

परवा तिसऱ्या दिवसाचं सगळं आटोपल्यावर तुमच्या मुलाने विचारलं, बाबांसोबत काठी ठेवायची राहिली काय? वहिनी एकदम कडाडल्या. "नाही! जलमभर वाह्यली त्यायनं. आता मातीतबी वाहाची काय?" मग आत गेल्या, काठी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "बाबू, तुमी न्या. तुमच्याशिवाय कोणाले समजते हे?" त्यांनीही दोन्ही हातांनी धरली होती. इतकी वर्षं रुळाच्या कडेच्या घरात राहून, रोज दोन वेळा ऐकलं होतं त्यांनी. त्या सोडेनात. माझ्या तोंडून ते दोन शब्द यायची वाट बघत होत्या. मी खाली काठीच्या खाचांकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनीच हात सैल केले. म्हणाल्या, "राहू द्या. तुमाले लय दुःख झालं."

दुःख! त्यांना मी काय सांगू? सांगेन, असं इथे लिहिणार होतो. लिहीत नाही, कारण मी स्वतःला ओळखतो.

येताना स्टेशनावर गेलो होतो. फलाटावर कमरेएवढी बाभूळ. रूळ काही ठिकाणी दिसतात, काही ठिकाणी कोणी उचलून नेलेत. शेडचं छप्पर गेलं, पण एक भिंत उभी आहे. चौकोन धुऊन गेले, बोंडं गेली, शेंगा गेल्या. तुमच्या बकरीची दोन शिंगं तेवढी आहेत. मी काठी घेऊन तिथे उभा राहिलो. कोणाला द्यायची ती? हातातून हातात, असा नियम. देणारा गेला. घेणारा कधी येणार नाही. आणि मध्ये मी, ज्याने ती तुमच्या हातातून घेतलीच नाही.

आज सकाळी गाडीच्या वेळेला जाग आली. ती वेळ अंगातून जात नाही. टेबलावरची काठी दोन्ही हातांत घेतली, खाचांवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "रस्ता आमचा, भाऊ." घरात तो आवाज फार मोठा झाला.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "काय म्हणालात?"

मी म्हटलं, "काही नाही."